दक्षिणेकडचा कोबा

आमच्या मंडळाच्या नव्या हॉलमध्ये दक्षिणेच्या खिडक्यांपाशी जमिनीचा रंग थोडा वेगळा आहे. बाकी सगळी जमीन राखाडी, आणि तिथे एक लांबट पट्टा जरा फिकट. लहान मुलं त्या पट्ट्याच्या कडेवरून तोल सांभाळत चालतात. नवीन आलेलं एखादं जोडपं विचारतं, हे डिझाइन आहे का? कमिटीतले लोक ‘हो, डिझाइनच’ म्हणतात आणि त्या वेळी माझ्याकडे बघायचं टाळतात. मीही चहाच्या टेबलाकडे वळते. ते डिझाइन नाही. काय आहे ते एकदा लिहून टाकावं, असं बरेच दिवस मनात होतं.

मी मूळची नागपूरची, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. न्यू जर्सीत आल्यावर पहिली काही वर्षं व्हिसाच्या कृपेने घरी बसून काढली, मग इथल्या परीक्षा दिल्या, आणि आता हॉस्पिटलं बांधणाऱ्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे नेमकं काय करते हे माझ्या आईला अजून उमगलेलं नाही. तू विटा रचत नाहीस, नकाशे काढत नाहीस, मग दिवसभर करतेस काय, असं ती फोनवर विचारते. खरं उत्तर असं की मी लोकांच्या मागे लागते. आर्किटेक्टने काढलेलं कॉन्ट्रॅक्टरला कळलंय का, कॉन्ट्रॅक्टरने बांधलेलं आर्किटेक्टने पाहिलंय का, आणि मालकाने जे मागितलं ते त्याला खरंच हवंय का, हे मी ज्याला त्याला तीन-तीनदा विचारते. स्वभाव त्या कामाला साजेसा आहे. हेल्मेट न घालता साइटवर पाऊल टाकणाऱ्याला, मग तो कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट का असेना, मी गेटवरून परत पाठवलेलं आहे. माझ्या मुलीने मला घरात ‘सेफ्टी ऑफिसर’ असं नाव ठेवलंय, आणि ते कौतुकाने नाही.

त्यामुळे मंडळाने पार्सिपनीजवळ जागा घेऊन स्वतःची वास्तू बांधायची ठरवली, तेव्हा मालकाच्या बाजूने देखरेख करायला मी आयतीच सापडले. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार, फुकट. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

ही पद्धत किती खोलवर गेलेली आहे ते मला डिझाइनच्या मीटिंगांत कळलं. आमची आर्किटेक्ट इथलीच, शांत स्वभावाची अमेरिकन बाई. ती नकाशा पसरून विचारायची, स्टेज इथे चालेल का? सगळे म्हणायचे, छान आहे. ती खुशीत घरी जायची, आणि पार्किंगमध्ये उभं राहून खरी मीटिंग सुरू व्हायची. स्टेज तिथे कसं चालेल, विंगेत तबलेवाला बसणार कुठे, नऊवारी नेसायला बायका जाणार कुठे. दुसऱ्या दिवशी मी तिला सतरा बदल पाठवायचे. एकदा तिने विचारलं, एका वेळी किती जण जेवतील? कमिटी एकमुखाने म्हणाली, सगळे. तिला वाटलं गंमत करतायत. मग मी तिला आमच्या एका कार्यक्रमाला घेऊन गेले, आणि तिने शेकडो माणसं एकाच क्षणी ताट घेऊन उठलेली पाहिली. त्यानंतर तिने स्वयंपाकघर दुप्पट केलं.

जमिनीचा प्रश्नही तिनेच सोडवला. हॉलला पॉलिश केलेलं काँक्रीट करू, टिकाऊ आणि देखणं, असं ती म्हणाली आणि तिने दोन-चार आर्ट गॅलऱ्यांचे फोटो दाखवले. कमिटी बराच वेळ फोटो न्याहाळत बसली. मग एक काका म्हणाले, “म्हणजे कोबाच की.” सगळे हसले. ज्या कोब्याला कंटाळून आपण मोझॅक आणलं, मोझॅकला कंटाळून मार्बोनाइट आणलं, तोच पुन्हा सातासमुद्रापार फॅशन म्हणून समोर उभा होता. ठराव मंजूर झाला.

कोबा म्हणणारे ते काका म्हणजे या गोष्टीतले मुख्य. वय अठ्ठ्याहत्तर, सांगलीकडचे, भूल देणारे डॉक्टर. इथे आले तेव्हा आमच्यापैकी अनेकांचा जन्मही झालेला नव्हता. मी लग्न करून नवीन आले तेव्हा अपार्टमेंट मिळेपर्यंत आम्ही नवरा-बायको त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन आठवडे राहिलो. पुढे माझे वडील नागपूरला आयसीयूत होते तेव्हा मी रोज त्यांचे रिपोर्ट काकांना वाचून दाखवायचे. काका खोटा धीर कधी द्यायचे नाहीत. आज बरं दिसतंय, आज बरं दिसत नाही, एवढंच सांगायचे. शेवटी एके दिवशी म्हणाले, तिकीट काढ. मी काढलं, आणि म्हणून वडील शुद्धीत असताना पोचले. एवढं सांगितलं म्हणजे त्यांच्याशी माझं काय नातं होतं ते कळावं.

कमिटीत त्यांना पद नव्हतं, पण त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. चपलांच्या जागेशेजारी भिंतीला लागून एक बाक हवा, ही सूचना त्यांचीच. आर्किटेक्टने कारण विचारलं. आमच्या वयाच्या माणसाला बूट काढायला बसावं लागतं, आणि ते कुणी सांगत नाही, असं ते म्हणाले. आज त्या बाकावर जागा मिळवायला नंबर लागतो.

बांधकाम सुरू झालं तसे काका रोज यायला लागले. सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे राहायचे. कानटोपी, मफलर, हातात फोन. पाया खोदला, फोटो. लोखंडी सांगाडा उभा राहिला, फोटो. ते सगळे फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचे, बहुतेकांत त्यांचा अंगठा दिसायचा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी साइटवर एकटी काही तपासायला गेले होते. वारा बोचरा होता, आणि काका कुंपणाबाहेर उभे, डोळ्यांतून पाणी वाहतंय. मला कसंसंच झालं. त्यांना आत घेतलं, हेल्मेट घातलं, सगळं फिरवून दाखवलं. ते सांगलीचं घर बांधल्याच्या आठवणी सांगत होते. मेडिकलला असताना सुट्टीत आले की स्लॅबला पाणी मारायची ड्यूटी त्यांच्याकडे असायची. वर चिखलाची आळी करून त्यात पाणी साठवायचं, सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभं राहायचं. वडील खालून ओरडून विचारायचे, कोपरे भिजले का? ते घर चार वर्षांपूर्वी भावांनी मिळून विकलं.

निघताना मी त्यांना गेटच्या कुलुपाचा कोड सांगितला. चार आकडे. रविवारी कुणी नसतं, वाऱ्यात बाहेर उभे राहू नका, आत येऊन साइट-ऑफिसच्या ट्रेलरच्या आडोशाला उभे राहा, पण पुढे जाऊ नका, असं बजावलं. व्हाइस प्रेसिडेंटला परत पाठवणारी मी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच आज नवल वाटतं. घरच्या माणसाला घराची किल्ली द्यावी तसं ते झालं.

हॉलचं काँक्रीट नोव्हेंबरच्या शेवटी एका गुरुवारी पडलं. छप्पर झालेलं होतं, भिंती अजून नव्हत्या. हे काम करणारा फोरमन ग्वाटेमालाचा, साठीला आलेला, कमी बोलणारा. मी बरेच फोरमन पाहिलेत, पण काँक्रीट कधी घोटायचं ते अंगठा टेकवून सांगणारे आता थोडेच उरलेत. हा गुडघ्यांवर फळ्या बांधून अख्खा दिवस त्या ओल्या काँक्रीटवर होता. संध्याकाळी जमीन अशी गुळगुळीत झाली की वरच्या दिव्यांचं प्रतिबिंब पडावं. मग त्याच्या माणसांनी तिच्यावर गोधड्यांसारखी जाड उबदार ब्लँकेटं घातली. थंडीत कोवळं काँक्रीट गोठू नये म्हणून इथे असंच करतात. ब्लँकेटांवर लाकडी फळ्यांची वजनं ठेवली, आणि ते घरी गेले.

मंगळवारी ब्लँकेटं काढली तेव्हा दक्षिणेच्या बाजूची जमीन पापुद्र्यासारखी सुटत होती. बोटाने खरवडलं की वरचा थर हातात यायचा. रविवार उबदार गेला होता, पण त्यानंतर पारा एकदम उतरला होता. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की ब्लँकेटं नीट घातली नव्हती, आणि काँक्रीट गोठलं. फोरमन म्हणाला, मी घातली होती. सोमवारी येऊन पाहिलं तेव्हा ती त्या बाजूला ओली होती आणि हललेली होती. कुणीतरी हलवलीत. कॉन्ट्रॅक्टर कंपनीचा माणूस म्हणाला, वाऱ्याने हलली असतील. त्यावर फोरमन म्हणाला, फळ्या भिंतीच्या जागेशी एका रांगेत लावलेल्या होत्या, वारा फळ्या रांगेत लावत नाही. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मीही नाही दिलं. चूक झालेला माणूस असंच काहीतरी बोलतो, हे मी वीस वर्षं ऐकत आलेय. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ठरलं की पट्टा खरवडून पुन्हा करायचा, आणि फोरमनला या कामावरून काढायचं. त्याच्या कंपनीने त्याला घरी बसवलं. पुढे ठेवायचं की नाही ते नंतर बघू, असं सांगितलं.

शनिवारी मी काकांकडे डबा परत करायला गेले. स्वयंपाकघरात उभ्या-उभ्याच सांगितलं, की दक्षिणेकडच्या काँक्रीटला थंडी लागली, कंपनी दुरुस्त करून देईल, काळजीचं कारण नाही. काका हळहळले. मग आवाज जरा खाली आणून, एखाद्या मुलाने खोडी कबूल करावी तसं हसून म्हणाले, “आणखी बिघडलं असतं बघ. मी रविवारी पाणी मारून आलो होतो. इथल्या लोकांना क्युरिंगचं काही पडलेलं नाही, नुसतं झाकून निघून जातात.”

ऊन छान पडलं होतं म्हणून त्यांनी दक्षिणेकडची चार ब्लँकेटं उचलली, फळ्या एका बाजूला रांगेने लावल्या, साइटवरच्या नळाचा पाइप ओढून कोपरे भिजेपर्यंत पाणी मारलं आणि जमतील तशी ब्लँकेटं परत ओढली. काकू गाडीत बसल्या होत्या. पाऊण तास लागला, म्हणाले, पण मनाला बरं वाटलं.

मला त्या क्षणी सगळं समजलं. ताज्या काँक्रीटवर साठलेलं पाणी, वर भिजून गार झालेली ब्लँकेटं, आणि रात्रीची थंडी. शाळेतल्या पोराला समजेल इतकं सोपं होतं. मी म्हणाले, “बरं केलंत, काका.”

हे दोन शब्द मी का बोलले, याचा मी खूप विचार केलाय. त्या वेळी वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा. नंतरचे नऊ दिवस मी स्वतःला हेच ऐकवत राहिले. कंपनी मोठी आहे, तिला असल्या दुरुस्त्यांची सवय असते. फोरमनला दुसरी साइट मिळेल. काकांना कळलं तर ते खचतील, पुन्हा मंडळात पाऊल टाकणार नाहीत. सगळे मुद्दे रास्त होते. माझ्या ऑफिसात कुणी असे मुद्दे मांडले असते तर मी त्याला सोलून काढलं असतं. त्या यादीत एक मुद्दा मी घेतच नव्हते, तो म्हणजे काका आत कसे शिरले.

नवव्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी साइटवर होते. फोरमन स्वतःच्या गाडीने आला. त्याच्या गुडघ्याच्या फळ्या आणि घोटायची हत्यारं ट्रेलरमध्ये राहिली होती, ती न्यायला. सामान गाडीत टाकून तो माझ्याकडे आला. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर सोपं गेलं असतं, मला चिडलेल्या माणसांशी बोलता येतं. त्याने टोपी काढली आणि विचारलं, तुम्ही इंजिनियर आहात, माझं काय चुकलं ते सांगाल का? तिसाहून जास्त हिवाळे मी हे काम केलं. घरी बसून रोज आठवतो, ब्लँकेट कुठे उघडं राहिलं. मला सापडत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तसंच करीन, याची भीती वाटते.

मी म्हणाले, मला बघावं लागेल. तो थँक यू म्हणून गेला. माझी खात्री आहे की त्याने मनापासून थँक यू म्हटलं.

ऑफिस सुटल्यावर मी थेट काकांच्या घरी गेले. काकूंनी टीव्ही बंद केला, चहा टाकते म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं. पाण्याने काँक्रीट बिघडलं. भारतात जे योग्य तेच इथे या थंडीत उलटं झालं. ठपका फोरमनवर आला, तो घरी बसलाय. बोलताना मी काकांकडे बघू शकत नव्हते, म्हणून समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

काकांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मग त्यांनी डॉक्टरच्या आवाजात एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. रविवारी रात्री तापमान किती होतं? काँक्रीट किती तासांचं होतं? पापुद्रा किती खोल? मी उत्तरं देत गेले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “तुला कधी कळलं?”

मी सांगितलं, गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी. इथेच.

“म्हणजे तू मला बरं केलंत म्हणालीस तेव्हा.”

मी मान हलवली. काकू मध्ये पडल्या. म्हणाल्या, अहो, पोरीने तुमच्यासाठीच केलं ना, आणि कंपनीचा विमा असेलच की. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नऊ दिवस तो माणूस घरी बसून स्वतःची चूक शोधतोय,” ते मला म्हणाले. “माझ्यासाठी लपवलंस असं म्हणू नकोस. माझं मन इतकं तकलादू नाही. तुझे वडील जाणार हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. तुला मला एवढं सांगता येईना?”

मला रडू आलं. वडिलांच्या नावाने आलं की शरमेने, ते सांगता येणार नाही. काकांनी मला समजावलं नाही. ते त्यांच्या हॉस्पिटलातली एक रीत सांगू लागले. टेबलावर काही वाईट घडलं, की आठवड्याच्या मीटिंगला ज्याच्या हातून घडलं त्याने उभं राहायचं आणि काय केलं ते सांगायचं. का केलं, किती थकलो होतो, हेतू काय होता, हे नंतर, कुणी विचारलं तर. आधी फक्त काय केलं. काकांवर नोकरीच्या काळात तशी वेळ तीनदा आली होती. “पहिल्या वेळी सांगताना मी सारखा हातातल्या कागदाकडे बघत होतो,” म्हणाले. “पण खाली बसलो तेव्हा झोप येईल असं वाटलं. त्या आधी चार दिवस नव्हती आली.”

मग त्यांनी कागद मागवला आणि इंग्रजीत, त्यांच्या त्या डॉक्टरी अक्षरात, पाच-सहा ओळी लिहिल्या. रविवारी दुपारी मी साइटवर गेलो. मी चार ब्लँकेटं काढली. मी पाणी मारलं. मी ब्लँकेटं ओली असताना परत घातली. फोरमनचा यात काही दोष नाही. खाली सही. मी दोनदा वाचलं. गेट कसं उघडलं याचा त्यात उल्लेख नव्हता.

काकांना मी काय शोधतेय ते कळलं. म्हणाले, “माझं मी लिहिलं. तुझं तुला लिहायचंय. मी ते सांगणारही नाही आणि झाकणारही नाही.”

मी गाडीत जाऊन बसले. हीटर लावला, फोन काढला. काकांच्या कागदाचा फोटो काढून जोडला, कॉन्ट्रॅक्टर, आर्किटेक्ट, कमिटी, सगळ्यांची नावं टाकली. त्या एका ओळीवर मी किती वेळ घालवला कोण जाणे. आधी चार वाक्यं लिहिली, वय, थंडी, वारा, इतक्या वर्षांचे संबंध. मग ती सगळी खोडली आणि लिहिलं, गेटचा कोड मी त्यांना दिला होता, आणि खरं काय घडलं ते मला नऊ दिवसांपासून माहीत आहे. पाठवलं. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं असावं, कारण थोड्या वेळाने त्या शाल लपेटून बाहेर आल्या आणि माझ्या हातात डबा देऊन गेल्या.

पुढे व्हायचं ते झालं. फोरमनला दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं. दुरुस्तीचा खर्च मंडळावर आला. कमिटीत मोठी खडाजंगी झाली. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची काय गरज होती, आधी आम्हाला विचारायचं, असं दोघा-तिघांनी मला तोंडावर सुनावलं, आणि बाकीच्यांनी पार्किंगमध्ये. कुणी म्हणालं, एवढी नियमांची बाई, हिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ते मात्र खरं होतं.

काका फोरमनला भेटायला ट्रेलरमध्ये गेले, मी बरोबर होते. कानटोपी काढून त्यांनी जे कागदावर लिहिलं होतं तेच तोंडाने सांगितलं आणि सॉरी म्हणाले. फोरमन ऐकत होता. त्याने माफ केलं म्हटलं नाही, ठीक आहे असंही म्हटलं नाही. त्याने विचारलं, ती ब्लँकेटं खूप जड असतात, तुम्ही एकट्याने उचललीत? काका म्हणाले, फक्त चार. फोरमनने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग त्यांना एक हेल्मेट देऊन खराब झालेला पट्टा दाखवायला घेऊन गेला. त्याने तो पट्टा पुन्हा स्वतः केला. जुन्या आणि नव्या काँक्रीटचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. काका अजूनही कार्यक्रमाला येतात. बाकावर बसून बूट काढतात, आत येतात, आणि त्या पट्ट्याजवळचीच खुर्ची धरतात.

मला कामावरून काढलं नाही, फुकटच्या माणसाला काढणार कुठून. पण कॉन्ट्रॅक्टरने गेटचा कोड बदलला आणि नियम केला की यापुढे मालकाच्या बाजूच्या कुणीही एकट्याने आत यायचं नाही. म्हणजे मी. इमारत पुरी होईपर्यंत, पुढचा सगळा हिवाळा आणि उन्हाळा, मी दर शनिवारी कुंपणाबाहेर उभी राहून फोन करायचे आणि आतून कुणीतरी मला न्यायला यायचं. काका उभे राहायचे तिथेच मी उभी राहायचे, वारा तोच.

बहुतेक वेळा फोरमनच यायचा. आमचं चांगलं जमायचं. तो मुलीची चौकशी करायचा, मी त्याच्या गुडघ्यांची. हसून गुड मॉर्निंग म्हणायचा, मला हेल्मेट द्यायचा, सगळं माझ्याआधी उघडून धरायचा. फक्त कुलुपाचे आकडे दाबताना तो जरासा वळायचा आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर आडवा धरायचा. त्यात राग नव्हता. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. तेवढा वेळ मी दुसरीकडे बघत उभी राहायचे, आणि कडी वाजली की त्याच्या मागोमाग आत जायचे.